आत्याची शनिवारची खुर्ची

ऑफिसात तिला सगळे खोडरबर म्हणत, तेही तोंडावर. तिला त्याचा राग नव्हता. उलट कोणी नवखा बिचकत 'मॅडम' म्हणाला, तर ही मागे वळून बघायची, कोण मॅडम आली म्हणून. वेबसाइट बनवणारी चौदा माणसांची कचेरी; बाकीचे तेराजण पानावर काही ना काही घालत आणि ही ते पुसत बसे. घरंगळत येणारी अक्षरं पुसली. पान उघडताच वाजणारं संगीत पुसलं. एका गादीवाल्याच्या साइटवर ढगावर झोपलेली बाई होती. हिने बाई पुसली, ढग पुसले आणि त्या जागी गादीची लांबी, रुंदी, जाडी लिहिली. गादीवाला आठवडाभर तोंड फुगवून होता. मग चुकीच्या मापाच्या गाद्या परत येणं थांबलं, तेव्हा त्याने गुपचूप एक उशी पाठवून दिली. ती उशी हिच्या खुर्चीवर पाठीमागे असे.

तिचं म्हणणं साधं होतं. माणूस साइटवर येतो तो काम उरकायला. काम झटक्यात झालं की तो साइट विसरून जातो, आणि विसरला म्हणजे आपण जिंकलो. ऐकायला सोपं आहे. पण विसरून जायची वस्तू विकायची कशी, हा प्रश्न तिच्या साहेबांना दिवसातून दोनदा तरी पडत असे.

साहेबांचा आणखी एक प्रश्न खिडकीजवळच्या खुर्चीचा होता. दर शनिवारी अकरा वाजता खोडरबर त्या खुर्चीवर एका साध्या माणसाला बसवायची, हातात ऑफिसचा फोन द्यायची आणि सांगायची, या साइटवर अमुक काम करून दाखवा. मग स्वतः शेजारी स्टुलावर बसायची, दोन्ही हात मांडीखाली दाबून आणि जीभ दातात धरून. बोट दाखवायचं नाही, 'तिकडे नाही, वर बघा' म्हणायचं नाही, नुसतं 'हं' सुद्धा करायचं नाही. समोरचा अडला तर तो बावळट नाही, आपलं पान बावळट. हा तिचा नियम होता आणि तो मोडणाऱ्याशी ती दोन दिवस बोलत नसे.

आणि त्या खुर्चीवर गेली दोन वर्षं बसत होती तिची आत्या.

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. चौतीस वर्षं बस डेपोच्या तिकीट खिडकीत बसलेली. समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडवून भांडता भांडता हाताने बरोबर तिकीट फाडायची आणि बरोबर सुटे परत द्यायची, खाली न बघता. निवृत्त झाल्यावर भाचीच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहायची आणि कोणी 'एकटं वाटत नाही का' विचारलं की 'भांडायला कोणी नाही एवढंच' म्हणायची. भाचीने पहिल्यांदा खुर्चीवर बसवलं तेव्हा तिने पाच मिनिटांत एका विमा कंपनीच्या साइटची सालं काढली. "जन्मतारीख विचारतोस ती विचार ना बाबा, पण दोनदा कशाला? पहिल्यांदा मी खोटं बोलले असं वाटलं का तुला?" हे ती फोनला म्हणाली. खोडरबरने दुसरी जन्मतारीख पुसली, आणि त्या शनिवारपासून खुर्ची आत्याची झाली. शनिवारी ती इस्त्रीची साडी नेसून, पर्स छातीशी धरून, साडेदहालाच हजर असायची. आठवड्यातले बाकीचे सहा दिवस ती त्या एका दिवसाची वाट बघण्यात घालवते, हे तिने कधी सांगितलं नाही, पण कळायचं.

गेल्या सात-आठ महिन्यांत तर आत्या कमालच करत होती. कुठलीही साइट द्या, फोनच्या पडद्यावर बोटाने तीन टिचक्या मारल्या की काम फत्ते. बारा साइट झाल्या, एकदाही अडली नाही. खोडरबर फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायची: 'आत्या, तीन टिचक्या.' आणि दिवसभर अशी मिरवायची की पाणी प्यायला उठली तरी मिरवतच उठायची.

"ताई, आत्या आता आपल्यापेक्षा हुशार झाल्यात," झगमग म्हणायचा. झगमग म्हणजे शेजारच्या टेबलावरचा तिचा सहकारी. वय अठ्ठावीस, बूट केशरी, चष्म्याची काडी हिरवी. त्याच्या हातून साधी रेघ निघाली तरी तिला शेपटी असायची. मनाने वाईट नव्हता. फक्त त्याला रिकामी जागा बघवत नसे.

अशात डोळ्यांच्या दवाखान्याचं काम आलं. तीन डॉक्टरांचा दवाखाना. मालकीण डॉक्टरीणबाई, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांना अशी साइट हवी होती की पेशंटने घरबसल्या तपासणीची वेळ घ्यावी. साहेबांनी खोडरबरलाही पान करायला सांगितलं आणि झगमगलाही. मग खोडरबरला बाजूला घेऊन म्हणाले, "हे बघा, तुमचं पान त्यांनी घेतलं तर खुर्ची राहील. झगमगचं घेतलं तर शनिवारचा हा कार्यक्रम बंद. एका आत्याच्या भरवशावर कंपनी चालत नाही. त्या खिडकीपाशी मला कॉफीचं मशीन ठेवायचंय."

खोडरबरने ही गोष्ट आत्याला सांगायला नको होती, पण सांगितली. आत्याने पदर सारखा केला. मग म्हणाली, "कॉफी वाईट असते पित्ताला. काळजी करू नकोस, मी बघते."

दाखवायचा शनिवार उजाडला. आत्या वेळेआधी आली आणि आल्या आल्या खुंटीवर लटकणाऱ्या साहेबांच्या कोटाला म्हणाली, "काय साहेब, बरे आहात ना?" सगळे खो खो हसले. साहेब कॅबिनमधून ओशाळं हसत बाहेर आले. आत्याही हसली, जरा उशिरा.

डॉक्टरीणबाई समोर बसल्या. पहिली पाळी झगमगची. त्याचं पान उघडलं की काळोख व्हायचा आणि त्यातून एक भला मोठा निळा डोळा उघडायचा. पापण्या थरथरायच्या. बोट जाईल तिकडे बुबुळ फिरायचं. डोळा मिटला की पापणीवर बारीक अक्षरांत 'तपासणी', 'वेळ', 'संपर्क' असे शब्द यायचे आणि डोळा उघडला की जायचे. झगमगने यावर सहा आठवडे घासले होते आणि खरं सांगायचं तर डोळा सुंदर होता.

"आजी, तुम्हाला गुरुवारी सकाळची वेळ हवीय. घ्या बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आत्याने फोन नाकापाशी नेला. "अगंबाई, हे काय चमकतंय? मासा आहे का?"

पुन्हा हशा. टोमणा मारण्यात म्हातारीचा हात कोणी धरणार नाही, असं सगळ्यांना वाटलं. झगमग तेवढा लाल झाला. आत्याने डोळ्यात बोट घातलं. डोळ्याने डोळा मारला. तिने पुन्हा घातलं, त्याने पुन्हा मारला. असं पाच-सहा वेळा झाल्यावर ती म्हणाली, "हा मेला नुसताच चाळे करतोय, काम काही करत नाही," आणि फोन खाली ठेवला. खोडरबरचे हात मांडीखाली होते म्हणून बरं, नाहीतर तिने टाळ्या वाजवल्या असत्या.

मग खोडरबरचं पान. पांढरं स्वच्छ, वर दवाखान्याचं नाव, मध्ये दोन ओळी आणि खाली, जिथे अंगठा आपोआप टेकतो तिथे, रुंद हिरवं बटण: 'वेळ घ्या'. तिच्या प्रत्येक साइटच्या प्रत्येक पानावर महत्त्वाचं बटण तिथेच असे. आदल्या संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी एक सूचना पाठवली होती, की अगदी तळाशी तातडीच्या फोनची लाल पट्टी हवी. तिने ती टाकली. हिरवं बटण बोटभर वर सरकलं. बोटभर तर, असं म्हणून ती घरी गेली होती.

आत्याने फोन हातात घेतला, मान ताठ केली आणि खोलीतल्या सगळ्यांकडे विजयी मुद्रेने बघत, खाली न बघता, अंगठा टेकवला. मग दुसऱ्यांदा. मग तिसऱ्यांदा. "झालं! गुरुवार, सकाळ."

डॉक्टरीणबाईंची पर्स वाजू लागली. त्यांनी घाईने फोन काढला, कारण तातडीचे फोन त्यांनाच येत. "हॅलो, काय झालंय पेशंटला?"

"काय झालंय पेशंटला?" आत्याच्या हातातला फोन म्हणाला.

आत्या दचकली. "बोलते पण का ही?"

झगमग टेबलाखाली काहीतरी शोधायला वाकला आणि बराच वेळ तिथेच राहिला. साहेबांनी खिडकीकडे नजर टाकली. ते मशीनचं माप मनात घेत असावेत. हिरवं बटण समोर होतं, चांगलं चार बोटं रुंद, त्यावर दोन शब्द लिहिलेले. आत्याने ते बघितलंसुद्धा नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी फोन बंद करून पर्समध्ये टाकला. त्या आत्याकडे वेगळ्याच नजरेने बघत होत्या. "आजी, मी किती बोटं धरलीत सांगा बरं?"

"तीन," आत्या ठणकावून म्हणाली. "आणि आजी कोणाला म्हणता?"

डॉक्टरीणबाईंच्या दोन्ही हातांत चहाचा कप होता.

कोणी हसलं नाही. डॉक्टरीणबाई कप ठेवून उठल्या, पर्समधून छोटी बॅटरी काढली आणि आत्याच्या डोळ्यांत उजेड टाकून बघितलं. "मोतीबिंदू. दोन्हीकडे, आणि चांगलाच पिकलाय. वर्षभर तरी तुम्ही नीट वाचलेलं नाही. खरं ना?" आत्याने पर्स छातीशी आणखी घट्ट धरली.

खोडरबरला तेव्हा सगळं एकदम उलगडलं आणि कानशिलं तापली. बारा साइट. आत्याने एकही वाचली नव्हती. बटण कुठे असणार हे ती तिकीट खिडकीतल्या गल्ल्यासारखं पाठ करून बसली होती, आणि भाचीने प्रत्येक वेळी ते इमानेइतबारे तिथेच ठेवलं होतं. लोक काय बघतात ते बघा, असं उठता-बसता जगाला सांगणाऱ्या बाईने हातभर अंतरावर बसून आपली आत्या काय बघते ते बघितलं नव्हतं. तिला लाज वाटली, नुसती लाज. पण डॉक्टरीणबाई थांबल्या नव्हत्या.

"मी आज काही ठरवत नाही," त्या साहेबांना म्हणाल्या. "माझे निम्मे पेशंट यांच्यासारखेच आहेत, हे आत्ता माझ्याही लक्षात आलं. पुढच्या शनिवारी येते. दोघांनी पानं सुधारा, बटणांच्या जागा बदला. ज्या पानावर या बाई स्वतःच्या तपासणीची वेळ स्वतः घेतील, ते पान माझं."

घरी जाताना बसमध्ये दोघी शेजारी बसल्या.

"का नाही सांगितलंस, आत्या?"

"सांगितलं असतं तर शनिवारी कोणाला बसवलं असतंस?" आत्या खिडकीकडे तोंड करून म्हणाली. "चौतीस वर्षं लोकांनी मला फक्त 'एक तिकीट' म्हटलं. तू पहिली, जिने विचारलं, आत्या, तुला हे कसं वाटतं? ते सोडून मी डोळे दाखवायला जाऊ?"

"म्हणून मला शेंडी लावायची? आठ महिने?"

"तूच तर लावून घेत होतीस," आत्या म्हणाली. "किती खूश असायचीस."

खोडरबरने तिचा हात हातात घेतला आणि उतरायचा थांबा चुकवला.

त्या आठवड्यात ती रोज ऑफिस सुटल्यावर आत्याच्या घरी जायची. पहिल्या दिवशी तिने आपलं पान समोर धरलं. नियम तोच, हात मांडीखाली. "काय लिहिलंय ते वाच."

"कुठे?"

खोडरबरने जीभ चावली.

"अगं कुठे काय लिहिलंय? कोरा कागद दिलायस." आत्याने फोन उजेडाकडे तिरका केला. "थांब, काहीतरी धुक्यासारखं आहे. राखाडी. पांढऱ्यावर राखाडी, आणि तेही केसाएवढं बारीक. असं कोणी लिहितं का?"

तसं लिहायला खोडरबरला फार आवडे. फिकी, सडपातळ, सुसंस्कृत अक्षरं. ती निवडायला तिने एकदा चार दिवस घातले होते. "ते नाजूक दिसतं म्हणून…" ती पुटपुटली.

"म्हणजे तुझीही झगमगच की गं," आत्या म्हणाली. "फक्त फिकी."

खोडरबर त्या रात्री नीट जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिने नाजूक अक्षरं पुसली. इतक्या वर्षांत तिने दुसऱ्यांचं खूप पुसलं होतं. स्वतःचं पुसताना बोट अडखळतं हे तिला नव्याने कळलं. अक्षरं काळी केली, मग जाड, मग आणखी मोठी. आत्या रोज नवीन खोड काढायची. हिरवं बटण तिला दिसायचं, पण त्यावरचे पांढरे शब्द नाही. ते पिवळ्यावर काळे केले. आठवड्याचे वार ओळीने आडवे लिहिले होते ते एकमेकांत मिसळायचे. एकाखाली एक मोठे मोठे लिहिले. शुक्रवारपर्यंत पान असं झालं होतं की लांबून रस्त्यावरच्या पाटीसारखं दिसावं. खोडरबरला ते बघवत नव्हतं. आणि शेवटी, काळजावर दगड ठेवून, तिने मुख्य बटण तळाशी अंगठ्याखालून काढलं आणि वर, नावाच्या खाली नेलं. आत्याला सांगितलं नाही.

शनिवारी झगमगचा डोळा पुन्हा उघडला. त्यानेही सुधारणा केली होती. डोळा दुप्पट मोठा झाला होता. आत्या म्हणाली, "आज जरा मोठा मासा आहे," आणि फोन परत दिला.

मग खोडरबरचं पान. आत्याचा अंगठा सवयीने तळाशी गेला, आणि लाल पट्टीच्या वर केसभर अंतरावर थांबला. डॉक्टरीणबाईंनी हळूच आपली पर्स मांडीवर ओढली. आत्याने अंगठा मागे घेतला. फोन नाकापाशी आणला, एक डोळा मिटला आणि पहिलीतल्या मुलीसारखं बोट लावून वाचू लागली. "वे… ळ… घ्या." टिचकी. "कोणासाठी? स्वतःसाठी." टिचकी. "सोम… मंगळ… बुध… गुरु. हां, हा घ्या तुमचा गुरुवार."

खोडरबरच्या हातांना मांडीखाली मुंग्या आल्या होत्या. जीभ इतकी दाबली होती की रक्त यायचं बाकी होतं. 'नाव' असं लिहिलेल्या चौकटीपाशी आत्या पूर्ण दोन मिनिटं थांबली. स्टुलावरून नुसतं 'हं' म्हटलं असतं तरी काम झालं असतं. म्हटलं नाही. आत्याने एकेक अक्षर शोधून नाव लिहिलं आणि शेवटची टिचकी मारली.

अकरा टिचक्या, सात मिनिटं. डॉक्टरीणबाईंच्या फोनवर चिमुकला आवाज झाला. त्यांनी वाचलं, हसल्या आणि साहेबांना म्हणाल्या, "गुरुवारी साडेनऊला नवीन पेशंट आहे. पान हेच." खोडरबरने फळ्यावर लिहायला खडू उचलला, पण डोळ्यांत पाणी आल्यामुळे तिलाच फळा दिसेना.

खुर्ची राहिली. कॉफीचं मशीन जिन्याखाली गेलं. खोडरबरने साहेबांपुढे त्या बारा साइटची यादी ठेवली आणि सांगितलं की सगळ्या पुन्हा तपासायच्या आहेत, चूक माझी आहे. साहेबांनी कपाळाला हात लावला. खिडकीपाशी दुसरी खुर्चीही आली, दर शनिवारी एका नव्या माणसासाठी, म्हणजे कोणी काही पाठ करायला नको.

दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन होऊन, काळा चष्मा उतरून आत्या पुन्हा आली तेव्हा सव्वादोन महिने उलटले होते. तिने आधी भाचीकडे निरखून बघितलं. "तुला एवढे पांढरे केस कधी आले?" मग झगमगकडे वळली. "बूट केशरी आहेत? मला इतके दिवस वाटायचं, पायाला काही लागलंय." खुंटीवरच्या कोटाला या वेळी तिने 'काय साहेब' म्हटलं नाही. मग खुर्चीवर बसून तिने दवाखान्याचं पान उघडलं आणि बघतच राहिली.

"हेच का ते?"

"हेच," खोडरबर म्हणाली. छाती भरून आली होती.

"किती गं भुंडं! घरचं कोणी गेल्याची पत्रिका वाटते. एखादं फूल तरी टाकायचंस."

दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर खोडरबरने त्याला खडसावून हाकललं असतं. पण आत्याला फूल बघायचं होतं, आणि आता ती बघू शकत होती. सोमवारी खोडरबर झगमगच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली आणि घसा खाकरला. झगमगने तिला एक लहानसं निळं फूल काढून दिलं. मग तो दिवसभर शीळ घालत होता. डॉक्टरीणबाईंना विचारून तिने ते पानाच्या कोपऱ्यात ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने काहीतरी नुसतं छान दिसतं म्हणून घातलं होतं.

पुढच्या शनिवारी आत्या खुर्चीवर बसली. पान उघडताच तिचा चेहरा खुलला. मग तिने फुलावर टिचकी मारली. काही झालं नाही. पुन्हा मारली. मग बोटाने जोरात दाबलं.

"हे उघडत का नाही गं? आत काय आहे?"

खोडरबर हात मांडीखाली दाबून, जीभ दातात धरून बसली होती. आत्याने आणखी चार टिचक्या मारल्या, फोनला दोन शब्द सुनावले आणि मग कंटाळून वेळ घेतली. दुपारपर्यंत फूल पुसलं गेलं होतं.

त्याच्या पुढच्या शनिवारी आत्याने पान उघडलं आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"इथे काहीतरी होतं ना?"

"नाही, कुठे काय," खोडरबर म्हणाली.

"होतं," आत्या म्हणाली. "मला आता दिसतं."